उंदराची उत्तरीय तपासणी : संशोधकाच्या हाताला आणि डोळ्याला द्यावयाचे शिक्षण

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ पसरली, तेव्हा रोग कोणत्या वाटेने घरात शिरतो याविषयी जाणकारांतही एकमत नव्हते. डॉ. वॉल्डेमार हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. १९२५ पासून हीच संस्था हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. १९०५ साली प्लेगच्या अन्वेषणासाठी नेमलेल्या मंडळाचे कामही परळ येथे चालले. शहरातील वस्त्यांतून गोळा केलेले हजारो उंदीर तपासणीच्या टेबलावर येत. त्यांतील कोणता उंदीर प्लेगने मेला आणि कोणता अन्य कारणाने, हे निश्चित झाल्याखेरीज रोगाचा माग लागणे शक्य नव्हते.

त्या तपासणीत एक लक्षणीय गोष्ट आढळून आली. सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्टीपेक्षा, सरावलेल्या माणसाने नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी निदानासाठी अधिक भरवशाची ठरली. कातडी सोलताच तिच्या आतील बाजूस दिसणारी लाली, मानेत वा जांघेत सुजलेली गाठ, यकृतावरील बारीक ठिपके आणि छातीच्या पोकळीत साचलेले पाणी ही चिन्हे एकत्र दिसली की निदान होत असे. मात्र ही चिन्हे ओळखावयाची तर निरोगी उंदराचे अंतरंग शेकडो वेळा पाहिलेले असावे लागते. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या उत्तरीय तपासणीचे प्रशिक्षण आजही याच पायावर उभे आहे.

अखेरच्या दिवसाचे महत्त्व

नवे औषध किंवा कीटकनाशक मनुष्याच्या संपर्कात येण्यापूर्वी त्याची विषारकता बहुधा उंदरांवर तपासली जाते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या मार्गदर्शक पद्धतीनुसार २८ दिवसांच्या चाचणीत किमान ३ मात्रा आणि एक तुलनेचा गट असे किमान ४ गट असतात. प्रत्येक गटात किमान ५ नर व ५ माद्या धरल्या तर ४० प्राणी होतात. २८ दिवस त्यांना रोज मात्रा दिली जाते, वजने घेतली जातात, वागणूक टिपली जाते. परंतु अवयवांवर काय परिणाम झाला हे अखेरीस टेबलावरच उमगते. तेथे एखाद्या उमेदवाराच्या कात्रीने अधिवृक्क ग्रंथी चिरडली, किंवा यकृतावरील डाग नजरेतून सुटला, तर ती चूक पुढे कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही. प्राण्याचा जीव तर गेलेलाच असतो. भारताने २०११ पासून या संघटनेच्या परस्पर-स्वीकृतीच्या व्यवस्थेत पूर्ण सहभाग घेतला असल्यामुळे येथील चाचण्यांचे निष्कर्ष अन्य देशांतही ग्राह्य धरले जातात. त्यामुळे ही जबाबदारी आता आपल्या सीमेपुरती उरलेली नाही.

येथे शिक्षकवर्गाने ध्यानात घ्यावी अशी एक बाब आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन बंद करण्याचा निर्णय घेतला. बेडूक आणि झुरळे यांचा निष्कारण होणारा संहार थांबला, हे उचितच झाले. तथापि संशोधनाच्या दारात येणाऱ्या कित्येक पदवीधरांनी आता आयुष्यात एकदाही प्राणी उघडून पाहिलेला नसतो. पूर्वी महाविद्यालयात गिरवला जाणारा श्रीगणेशा त्यामुळे प्रयोगशाळेलाच गिरवून घ्यावा लागतो.

शिकण्याचा क्रम

उत्तम प्रशिक्षणात उमेदवाराच्या हाती प्रथम कात्री दिली जात नाही. आधी तो चित्रे, प्रतिकृती व चित्रफिती पाहतो. नंतर अनुभवी तपासनीसाच्या शेजारी उभा राहून केवळ नोंदी घेतो. सरावासाठी खास प्राणी मारण्याऐवजी अन्य कारणासाठी आधीच मृत झालेले प्राणी वापरणे योग्य होय. डब्ल्यू. रसेल आणि आर. बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तत्त्वत्रयीशी, म्हणजे पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि यातना कमी करणे या तीन गोष्टींशी, ते सुसंगत आहे.

प्राण्याला मृत्यू कसा दिला जातो, हाही तपासणीचाच भाग आहे. कार्बन डाय-ऑक्साइड वायूने मृत्यू आला असता फुफ्फुसांवर रक्ताचे ठिपके दिसू शकतात. मान निखळवून मृत्यू दिला असता मानेत रक्त साकळते. नवखा उमेदवार हे औषधाचेच परिणाम समजून लिहून मोकळा होतो. म्हणूनच पद्धत कोणती होती हे त्याला ठाऊक असावे लागते, आणि मृत्यू खरोखर झाला आहे याची खात्री करूनच पुढे जावे लागते.

मग पिंजऱ्यावरील कार्ड व प्राण्याचा क्रमांक ताडून पाहावयाचा, वजन घ्यावयाचे, आणि डोळे, नाक, दात, केस व गुदद्वार बाहेरून न्याहाळावयाचे. प्राणी उताणा ठेवून केस मद्यार्काने भिजवतात, म्हणजे ते आतील अवयवांना चिकटत नाहीत. हनुवटीपासून ओटीपोटापर्यंत मध्यरेषेवर कातडी उघडली की प्रथम काहीही न कापता सर्व काही जागच्या जागी पाहावे. घाईने हात घालणाऱ्याला हा धडा पुनःपुन्हा द्यावा लागतो. अवयव एकदा हलविले की त्यांचे परस्परसंबंध पुन्हा दिसत नाहीत.

निरोगी शरीराची ओळख किती आवश्यक आहे, याचे एक साधे उदाहरण देता येईल. प्रयोगशाळेत ज्याला 'रॅट' म्हणतात त्या मोठ्या उंदराला पित्ताशय नसते. 'माऊस' या लहान उंदराला मात्र ते असते. हे माहीत नसलेला उमेदवार मोठ्या उंदरात पित्ताशय 'आढळले नाही' अशी विकृती म्हणून नोंद करील, आणि ती नोंद अहवालात शिरेल.

घड्याळाशी शर्यत

मृत्यूनंतर पेशी आपल्याच रसांनी विरघळू लागतात. आतड्याचे अस्तर सर्वांआधी बिघडते, म्हणून त्याला विलंब चालत नाही. अधिवृक्क ग्रंथी इतकी लहान असते की भोवतालची चरबी काढण्यात वेळ गेला तर ती वाळते आणि वजन चुकते. अवयव ओले असतानाच तोलावयाचे असतात. फुफ्फुसे मिटून जाऊ नयेत यासाठी श्वासनलिकेतून फॉर्मॅलिन हळुवार भरतात. अवयवाच्या किमान दहापट द्राव बाटलीत असावा. काटकसरीपोटी एकाच बाटलीत अवयव कोंबणे म्हणजे सारी मेहनत सडू देणे होय. वृषण व डोळे यांना साधे फॉर्मॅलिन तितकेसे मानवत नाही, त्यांच्यासाठी वेगळे द्राव वापरतात. रात्री मेलेला प्राणी सकाळी सापडला तर तो शीतकपाटात ठेवावा, गोठवू नये. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात.

एक बारकावा मात्र अनुभवी माणसांच्याही ध्यानातून निसटतो. सकाळी तुलनेचा गट आणि दुपारी सर्वाधिक मात्रेचा गट असा क्रम लावला, तर तपासनीसाचा थकवा आणि दिवसाची वेळ यांचाच फरक औषधाच्या खात्यावर जमा होतो. म्हणून गटांतील प्राणी आलटूनपालटून घ्यावेत.

नोंद करताना निदान लिहू नये, दिसले ते लिहावे. 'यकृत रोगट' या दोन शब्दांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'यकृताच्या डाव्या खंडावर दोन पांढरे, घट्ट डाग, प्रत्येकी सुमारे ३ मिलिमीटर' असे लिहिले तर सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेल्या विकृतिशास्त्रज्ञाला नेमके कोठून काप घ्यावयाचा ते कळते. एकाने कापावे आणि दुसऱ्याने लिहावे, ही जोडी म्हणूनच उपयुक्त ठरते; रक्ताळलेल्या हाताने लेखणी धरणारा माणूस कमी लिहितो.

प्रशिक्षणात उमेदवाराच्या स्वतःच्या सुरक्षिततेचाही विचार हवा. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना व श्वासाला घातक असते. उंदरांचे मूत्र आणि कोंडा यांमुळे कित्येकांना दमा जडतो. हातमोजे आणि हवा खेचणारी कपाटे ही चैन नव्हे. काम आटोपल्यावर मृत प्राण्यांचे अवशेष २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीतूनच विल्हेवाटीस गेले पाहिजेत.

गावात उंदीर पडू लागले तर

प्रयोगशाळेतला उंदीर पाळलेला आणि बहुधा रोगमुक्त असतो. रानातल्या वा घरातल्या उंदराचे तसे नाही. बीड जिल्ह्यातील मामला या गावी १९९४ मध्ये उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ प्लेगच्या संशयाने आरोग्य यंत्रणेला धावावे लागले. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडू लागले की त्यावरील पिसवा उबदार शरीर शोधतात, मग ते माणसाचे का असेना. म्हणून अशा प्रसंगी ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी उंदीर हाताने उचलू देऊ नये, मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे, किती उंदीर कोठे व केव्हा पडले याची नोंद करावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. उंदीर उघडून पाहण्याचे काम त्यासाठी शिकलेल्या पथकाचे आहे.