पेपर विकत घेऊ नका, पोस्टरसमोर उभे राहा

दिवाळी सरली की पालकांचे फोन सुरू होतात आणि दरवर्षी प्रश्न तोच असतो. ‘सर, मुलीचा एखादा रिसर्च पेपर छापून घ्यायचाय. अमेरिकेच्या अर्जाची मुदत डिसेंबरात संपते. कुठे होईल?’ मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. संशोधन कशावर केलंय, असं विचारलं की पलीकडून उत्तर येतं, ‘विषय तेच लोक देतात म्हणाले.’

‘तेच लोक’ काय करतात ते सांगतो. तुम्ही पैसे भरता. चार दिवसांत स्वीकृतीचं पत्र येतं, पाठोपाठ ऑनलाइन अंक आणि सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. कुणा तज्ज्ञानं वाचून शंका काढल्या, सुधारणा सुचवल्या, असलं काही घडत नाही. कारण तो मजकूर कुणी वाचलेलाच नसतो.

स्पष्टच सांगतो, या भानगडीत पडू नका. अमेरिकेतल्या बहुतेक एमएस अभ्यासक्रमांना पेपरची अट नसते. गुणपत्रिका, एसओपी (म्हणजे आपला उद्देश सांगणारा निबंध) आणि शिफारसपत्रं यांवर तिथे भर असतो. आपल्याकडेही यूजीसीनं नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीत पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापण्याची सक्ती काढून टाकली. पीएचडीच्या विद्यार्थ्याला जी सक्ती उरली नाही, ती तुम्ही वीस वर्षांच्या मुलीवर का लादता? शिवाय असल्या नियतकालिकात एकदा नाव छापलं गेलं की ते पुसता येत नाही. पुढे मुलाखतीत कुणी त्याच पेपरावर दोन प्रश्न विचारले, तर पंचाईत तिचीच होणार.

मग संशोधनाचा अनुभव मिळवायचा कसा? तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप, एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची अल्पकालीन योजना, प्रयोगशाळेतली इंटर्नशिप या वाटा चांगल्याच आहेत. त्यांची माहिती सहज मिळते, म्हणून इथे जागा घालवत नाही. ज्या वाटेकडे कुणी बघत नाही तिच्याबद्दल बोलू. ती वाट म्हणजे पोस्टर.

‘पोस्टर? म्हणजे शाळेतला चार्टपेपर?’ असं एक वडील मला म्हणाले होते. नव्हे. युरोप-अमेरिकेतल्या वैज्ञानिक परिषदांत ही पद्धत १९७०च्या दशकात रुळली आणि आज मोठ्या परिषदांतलं बरंचसं काम पोस्टरवरच मांडलं जातं. पीएचडी करणारेही आपापल्या पोस्टरजवळ उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला काम समजावून सांगतात. आपल्या महाराष्ट्रात तर यासाठी ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा आहे. ती २००६ साली राज्यपालांच्या, म्हणजे कुलपतींच्या पुढाकारानं सुरू झाली. मानव्यविद्या आणि भाषांपासून शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माणापर्यंत सहा गट आहेत आणि पदवीच्या विद्यार्थ्यांची पातळी वेगळी असते. महाविद्यालयातून विद्यापीठात आणि तिथून राज्यात, अशी ती वर चढत जाते. एवढी सोय दाराशी असताना पालक पेपरच्या दुकानात रांग लावतात.

आता पोस्टर कसं असावं? समजा, तुमच्या मुलानं ऊसपट्ट्यातल्या गावात विहिरींचं पाणी तपासलं. आपल्याकडे हमखास दिसणारं शीर्षक असतं, ‘अ स्टडी ऑफ फिजिको-केमिकल पॅरामीटर्स ऑफ वेल वॉटर’. खाली पाण्याचं मानवी जीवनातलं महत्त्व सांगणारे दोन परिच्छेद. त्याखाली पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट यांचा बारा रकान्यांचा तक्ता. चारही कोपऱ्यांत लोगो, जांभळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं. चौकातला ‘भावी नगरसेवक’ वाढदिवसाचा फ्लेक्स आणि हे पोस्टर यांत फरक फक्त फोटोचा.

तेच काम असं मांडून बघा. वर मोठ्या अक्षरांत निष्कर्ष, ‘पावसाळ्यानंतर तपासलेल्या निम्म्या विहिरींत नायट्रेट मर्यादेबाहेर’. अर्थात नमुन्यांतून तसं निघालं असेल तरच. खाली एकच स्तंभालेख, प्रत्येक विहिरीचा एक स्तंभ, आणि ४५च्या आकड्यावर आडवी ठळक रेघ. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा. कोणते स्तंभ रेघेच्या वर गेले, ते दहा फुटांवरून दिसतं. बाजूला गावाचा नकाशा, तपासणीची पद्धत चार ओळींत, शेवटी अभ्यासाच्या मर्यादा आणि आभार. बारा रकान्यांचा तक्ता फेकून द्यायचा नाही. तो ए-फोर कागदावर छापून हाताशी ठेवायचा, कुणी मागितला तर द्यायचा.

निष्कर्ष मधोमध आणि ठळक लिहिण्याचा आग्रह अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माइक मॉरिसन यांनी २०१९ साली एका व्हिडिओतून धरला आणि तो जगभर गाजला. सगळ्यांना त्यांचा साचा पटला नाही. साचा घ्या किंवा सोडा, पण माणूस पोस्टरसमोर थांबतो तो निष्कर्ष वाचून, हे ध्यानात ठेवा.

बाकी कामाच्या गोष्टी थोडक्यात. आयोजकांचं परिपत्रक आधी वाचा. पोस्टर उभं हवं की आडवं आणि आकार किती, ते त्यात असतं. ए-झीरो सांगितलं असेल तर ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. फाइल सुरुवातीलाच त्या मापाची करा, नंतर ताणत बसू नका. मजकूर २४ पॉइंटपेक्षा बारीक नको. लाल आणि हिरवा रंग शेजारी ठेवून फरक दाखवू नका, काहींना तो दिसत नाही. व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो मोठ्या छपाईत फुटतात, म्हणून मूळ फाइल मागा. मराठीत लिहिलं असेल तर युनिकोड वापरा आणि दुकानात पीडीएफच द्या, नाहीतर जोडाक्षरांचा चुराडा होतो. छापायला टाकण्याआधी अख्खं पोस्टर ए-फोर कागदावर काढून हातात धरा. चष्म्याचा नंबर बरोबर असूनही वाचता येत नसेल तर मजकूर जास्त आहे. कापा.

आता पालकांसाठी. पोस्टर मुलाला करू द्या. डीटीपीवाल्याकडून, ओळखीच्या इंजिनिअरकडून किंवा पेपर विकणाऱ्या त्याच एजन्सीकडून करून घेतलेलं पोस्टर परीक्षक ओळखतात, कारण ते रंग बघत नाहीत, प्रश्न विचारतात. पाण्याचा नमुना कसल्या बाटलीत घेतलास? किती तासांत तपासलास? एकाच विहिरीचं पाणी दोनदा तपासून बघितलंस का? या विहिरी तू कशा निवडल्यास? काम स्वतः केलेला मुलगा इथे अडखळेल, पण उत्तर देईल. ज्याच्या हातात तयार पोस्टर ठेवलं गेलं, तो पाठ फिरवून त्यावरचं वाचायला लागेल. स्पर्धेच्या सभागृहात मुलाच्या मागे उभं राहून उत्तरं पुरवणारे आईबाबाही असतात. कृपा करा, बाहेर चहा घ्या.

यात बक्षीस मिळेलच असं नाही. मिळतं ते दुसरंच. दिवसभरात अनोळखी माणसांना तेच काम वीसदा सांगितलं की मुलालाच कळतं, कुठे आपला पुरावा कच्चा आहे. एसओपीत लिहायला खरी गोष्ट सापडते. आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना शिफारसपत्रात ‘मेहनती आणि नम्र’ यापलीकडे दोन वाक्यं लिहिता येतात.

काही मुलांना विहिरीपेक्षा आलेखातच जास्त रस वाटू लागतो. त्यांना रागावू नका. माहितीची दृश्य मांडणी हा आता पूर्ण व्यवसाय आहे. कोणत्याही शाखेतली किमान तीन वर्षांची पदवी असलेला विद्यार्थी सीईईडी ही डिझाइनची प्रवेशपरीक्षा देऊ शकतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसीसारख्या संस्थांत एमडेसचा, म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीचा, प्रवेश तिच्यावरून होतो, मात्र प्रत्येक संस्थेच्या पात्रतेच्या अटी आधी बघा. बीएस्सी केलेल्या मुलाला विज्ञान कळतं, ही तिथे जमेची बाजूच आहे.

तेव्हा पेपरसाठी बाजूला काढलेले पैसे बँकेत परत ठेवा. महाविद्यालयात ‘आविष्कार’चे समन्वयक कोण आहेत ते मुलाला विचारू द्या, त्यांच्याकडे त्याला एकट्याला पाठवा, आणि पहिला प्रश्न ‘छापून कुठे मिळेल’ असा न विचारता ‘मी काय तपासू’ असा विचारायला सांगा. ज्या घरात ‘मी काय तपासू’ हा प्रश्न अजून विचारला गेला नाही, त्या घरानं छापण्याची घाई करू नये.