घाटातील आगगाडी : एका सहलीची आखणी

आल्प्समधील आगगाडीची चित्रे पाहून तसा प्रवास आपणही करावा, असे पुष्कळांच्या मनात येते. १८८२ साली पुरा झालेल्या तेथील गॉटहार्ड मार्गाची चढण ३७ फुटांस सुमारे १ फूट आहे. विद्यार्थी मित्रहो, तितकीच चढण आपल्या कुळे ते कॅसलरॉक या घाटात आहे!

पेडणेकरांच्या तालुक्यातच कोकण रेल्वेचे स्थानक आहे. डिचोलीकरांनी थिवी गाठावी. गाडी मडगावास बदलावयाची. घाटातून दिवसा जाणाऱ्या गाड्या मोजक्याच. म्हणून परतीची गाडी आधी पाहावी, जाण्याची मागून. हे काम वडील मंडळींनी करू नये, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवर सोपवावे. वेळापत्रक वाचताना ती चुकली तर चुकू द्यावी. तिकिटे काढण्यापूर्वी एकवार तपासले म्हणजे झाले.

पाऊस सरताच, ऑक्टोबरात निघावे. तेव्हा दूधसागर भरलेला असतो. सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळणारे ते पाणी मांडवीचे. थिवीपुढे पुलावरून ओलांडलेली नदी तीच. मुलांनी ती नकाशावर आधी शोधावी. चढणीवर गाडीस मागूनही एंजिने का लावतात, याचाही विचार करावा.

एका बाबतीत मात्र मुलांचे मत विचारू नये. धबधब्यापाशी गाडी मंदावली की खाली उतरण्याचा मोह होतो. तेथे वळणे आणि बोगदे आहेत, येणारी गाडी दिसत नाही. शिवाय रुळांवरून चालणे हा कायद्याने गुन्हा आहे. खिडकीतूनच पाहावे.

शिदोरी घरूनच न्यावी. कुळ्यापुढे काही मिळेलच असे नाही.