गर्भपिशवीत चरबीची गाठ: तपासणीला खर्च किती?

पाळी जाऊन काही वर्षे झालेल्या बाईच्या सोनोग्राफी रिपोर्टवर ‘हायपरएकोइक मास’ असे आले की घरात कॅन्सरची धास्ती बसते. पडद्यावर पांढरीफेक दिसणारी ही गाठ चरबीयुक्त फायब्रॉइड, म्हणजेच लायपोलियोमायोमा असू शकते. ती दुर्मीळ असली तरी साधी असते. त्रास नसेल तर सहसा काढावी लागत नाही. म्हणून आधी पैसा नेमक्या निदानावर घाला.

सोनोग्राफी
सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. यवतमाळ जिल्ह्यातली पुसद, दारव्हा, पांढरकवडा येथील उपजिल्हा रुग्णालये त्यात येतात. सोनोग्राफी कोणत्या वारी होते, ते आधी विचारा. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (‘मेडिकल’) वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथे शासकीय दराने शुल्क पडते. खासगीत अंदाजे 800 ते 1,500 रुपये.

सीटी किंवा एमआरआय
अंडाशयातली डर्मॉइड गाठही सोनोग्राफीत अशीच पांढरी दिसते. तिला पीळ पडू शकतो, त्यामुळे ती बहुतेकदा काढतात. गाठ पिशवीची की अंडाशयाची, हे एमआरआयवर जास्त स्पष्ट होते. चरबीचा सिग्नल दाबून काढलेल्या चित्रांत गाठीतला चरबीचा भाग काळा पडतो. खासगीत सीटीला अंदाजे 3,000 ते 5,000, एमआरआयला 5,000 ते 9,000 रुपये, कॉन्ट्रास्टचे वेगळे. त्यासाठी सेवाग्राम किंवा सावंगी मेघेच्या रुग्णालयात जायचे तर गाडीभाडेही हिशेबात धरा. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही.

ऑपरेशन
फार रक्तस्राव, लघवीवर दाब, झपाट्याने वाढ किंवा निदानाची शंका असेल तरच. खासगीत पिशवी काढण्याचा खर्च साधारण 40,000 रुपयांच्या पुढे जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र तुमचे ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसते का, हे भरती होण्याआधी तिथल्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. हेल्पलाइन 155388. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवलीच पाहिजे, पक्के निदान तिथेच होते. 2021 च्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने दरपत्रक लावायचे असते. ते वाचून लेखी अंदाजपत्रक मागा.

पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेले, तर गाठ साधी आहे म्हणून थांबू नका; त्याची वेगळी तपासणी लगेच करा. एरवी ‘पिशवीच काढून टाकू’ असे कुणी म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नका.