कोकम अमृत : बाटलीत होणारे बदल ओळखा

मे महिन्यात भरलेला कोकमाचा पाक पावसाळ्यात आंबतो, बाटलीचे बूच उडते आणि हंगामाची मेहनत वाया जाते. हे टाळण्यासाठी भौतिक व रासायनिक बदल ओळखता आले पाहिजेत.

भौतिक बदलात नवीन पदार्थ तयार होत नाही. पिकलेल्या कोकमाच्या १ किलो सालीत २ किलो साखर थराथराने घातली की साखर सालीतील पाणी ओढून घेते व त्यात विरघळते. रोज ढवळल्यास साधारण ७ दिवसांत लाल पाक सुटतो.

रासायनिक बदलात नवीन पदार्थ बनतात. आम्लामुळे काही साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. हा बदल उपयुक्त आहे. त्यामुळे बाटलीत साखरेचे खडे सहसा धरत नाहीत. घातक बदल आंबण्याचा. पाक पातळ राहिल्यास यीस्ट वाढून साखरेपासून अल्कोहोल व कर्बवायू तयार करते. या वायूच्या दाबाने बूच उडते. आंबलेला पाक पुन्हा साखर घालून पूर्ववत होत नाही.

म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१. साखरेत काटकसर करू नये.

२. साली, चमचा व बाटल्या कोरड्या असाव्यात.

३. स्टेनलेस स्टीलची भांडी वापरावीत. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमसुलाची आमटी कळकते, तसाच पाकही बिघडतो.

४. गाळलेल्या १ किलो पाकात ०.६ ग्रॅम सोडियम बेन्झोएट अचूक वजन करून मिसळावे. अंदाजाने घालू नये.