‘वय झालं’ म्हणण्यापूर्वी

वृद्धाश्रमात तपासणीला गेलो की सेविका हमखास सांगतात, "डॉक्टर, या आजोबांना आता काही समजत नाही." असेच एक आजोबा. उभे आयुष्य यंत्रमागावर गेलेले. काही विचारले तर उत्तर नाही. दिवसभर भिंतीकडे पाहत बसायचे. मीही ‘वय झालं’ म्हणून पुढे गेलो. पुढच्या खेपेला कानाजवळ जाऊन मोठ्याने विचारले, तर नाव, गाव, नातवंडांची नावे, सारे बिनचूक! बुद्धी नव्हे, कान गेले होते.

सोलापुरात मागाच्या खडखडाटात उमेद घालवलेल्यांना कमी ऐकू येणे नवे नाही. ऐकू येईना की माणूस बोलणे टाळतो, एकटा पडतो आणि मेंदूचा व्यायाम थांबतो. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणे सांगितली. त्यांत बहिरेपणा, अधू दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य आणि एकटेपणाही आहे. सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश या कारणांशी निगडित असल्याचा त्यांचा अंदाज आहे.

वाचकहो, वृद्धाश्रमात आणखी काही गोष्टी पाहाव्यात. म्हातारपणी तहान कमी लागते. रात्री उठावे लागेल म्हणूनही पाणी टाळले जाते. आपल्याकडच्या मे महिन्यात हे फार महागात पडते. झोपेच्या गोळ्या आणि सर्दीची काही औषधेही डोके गुंगवतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व थायरॉइडचा दोष रक्ततपासणीत कळतो आणि त्यावर उपचारही आहेत.

मात्र एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर तो वयाचा दोष समजू नये. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, साखर उतरणे, पडल्यानंतर डोक्यात साठलेले रक्त, काहीही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

त्या आजोबांना कानाचे यंत्र मिळाले. विसरभोळेपणा थोडा आहेच, पण दुपारी ते पत्त्यांचा डाव मांडतात. खरा स्मृतिभ्रंश पूर्ण बरा होत नाही, हे मान्य. पण आई-वडिलांना भेटायला जाल तेव्हा फळांच्या पिशवीबरोबर एवढे करा: चष्मा पुसून द्या, कान तपासून घ्या, सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा आणि तासभर समोर बसून बोला.