चहाने चित्र जुने होते का?

प्रश्न : आजोबांचे पोर्ट्रेट मी जलरंगात काढले. जुने दिसावे म्हणून वरून चहाचे पाणी फिरवले. कागद फुगला, चेहरा ओघळला आणि चित्रावर नुसता चहा सांडल्यासारखे दिसते. काय चुकले?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : चहा बिचारा निर्दोष आहे, क्रम उलटा झाला. चहा आधी, चित्र नंतर. जाड कागद भिजवून फळीवर चारी बाजूंनी कागदी चिकटपट्टीने ताणा, कोऱ्या चहाचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि मग रेखाटन करा. दूध-साखर नको, नाहीतर चित्राचे पहिले रसिक मुंग्या असतील. चहा किंचित आम्ल असतो, त्यामुळे कागद हळूहळू कमजोर होतो. चित्र टिकवायचे असेल तर चहाऐवजी रॉ अंबर या जलरंगाचा पातळ थर द्यावा.

पण जुने म्हणजे तपकिरी, हे कोणी सांगितले? ही समजूत जुन्या फोटोंवरून आली. त्यातला बराचसा तपकिरीपणा वयाचा नाहीच. फोटो टिकावा म्हणून छायाचित्रकार त्यातल्या चांदीचे मुद्दाम सल्फाइड करत, त्याचा तो रंग म्हणजे सेपिया. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली. त्याच वर्षी इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढले. म्हणून फोटोंच्या काळातल्या आजोबांना सेपिया शोभेल, त्याच्या कितीतरी आधीच्या शिवरायांना नाही. बाजारात मात्र सेपियातले शिवराय सर्रास दिसतात.

रंगवलेल्या चित्रांचे म्हातारपण पाहायचे तर औंधला जा. पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात लघुचित्रेही आहेत आणि राजा रविवर्म्यांची तैलचित्रेही. लघुचित्रे चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर काढत आणि बहुधा बासनात मिटून ठेवत. उजेड लागला नाही, त्यामुळे अशी चित्रे कित्येकदा शतकांनंतरही ताजी दिसतात. तैलचित्र भिंतीवर राहते. जवसाचे तेल आणि वरचे वॉर्निश पिवळे पडते, त्यावर धूर बसतो. पिवळ्या थराखाली निळा हिरवट होतो, पांढरा लोण्याकडे झुकतो, तांबडा मात्र फारसा बदलत नाही. म्हणजे सगळीकडे सारखा तपकिरी हात फिरवला की सोंग उघडे पडते.

कडा काळपट करण्याचेही तसेच. सुट्या कागदाला कडेने हवा आणि हात लागतात, म्हणून तो कडेने तपकिरी होतो. चौकटीतल्या चित्रात उलटे घडते : उजेड मध्यभागी पडतो आणि माउंटखालची पट्टी फिकट राहते. तेव्हा आजोबा अल्बममध्ये होते की भिंतीवर, हे आधी ठरवा.

पुढेमागे तैलरंगात काढलेत तर भेगांचा मोह होईल. भेगा पडतात त्या दोन थर वेगवेगळ्या गतीने वाळल्याने किंवा आकसल्याने. पूर्ण वाळलेल्या चित्रावर सावकाश वाळणारे तेलकट वॉर्निश द्या. ते बोटाला जरासे चिकटत असतानाच वरून बाभळीच्या डिंकाचे पाणी द्या. डिंक आधी वाळून आकसतो आणि तडकतो. भेगांत थोडा बर्न्ट अंबर तैलरंग चोळून वरचा पुसून घ्या. डिंकाचा थर जाड तर भेगा मोठ्या. म्हणून चेहऱ्यावर तो अगदी पातळ ठेवा. डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे शेवटी वरून पुन्हा तेलकट वॉर्निश लागेलच. आधी एका फुटकळ तुकड्यावर करून पाहा. पावसाळ्यात डिंक लवकर वाळत नाही, हेही तिथेच कळेल.