शरीराची अमानत आणि सातत्याची सुन्नत




अकोल्यात एके रात्री इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. वय बेचाळीस, व्यवसाय सरकी-ढेपेच्या दुकानाचा. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना रक्तातील साखर वाढल्याचे सांगितले होते आणि रोज चालण्याचा सल्ला दिला होता. ते म्हणाले, "मौलाना, चालले पाहिजे हे मला समजते. पण सकाळी इच्छाच होत नाही. इच्छा होईल असा एखादा वजीफा सांगा." बोलणे संपल्यावर ते उठले, ज्या खुर्चीवर बसून त्यांनी नमाज अदा केली होती ती भिंतीशी नेऊन ठेवली आणि मोटारसायकल सुरू करून घरी गेले. त्यांचे घर मशिदीपासून दोन गल्ल्यांवर आहे.

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. व्यायाम चांगला आहे, हे आज कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात, बहुधा प्रत्येक घरात, त्यांपैकी कोणीतरी आहे. तेव्हा उणीव ज्ञानाची नाही. समजते ते रोज घडावे कसे, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर आपल्या दीनच्या शिकवणुकीत कोठे सापडते, ते या लेखात पाहू.

शरीर ही अमानत आहे

आपले शरीर आपल्या मालकीचे नाही. ते अल्लाहने आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे. कयामतच्या दिवशी माणसाला ज्या गोष्टींचा हिशेब द्यावा लागेल, त्यांत आयुष्य, ज्ञान आणि संपत्ती यांच्याबरोबर हे शरीर कोणत्या कामी झिजविले, हाही प्रश्न असेल, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले आहे. सूरह बकराच्या 247 व्या आयतीत हजरत तालूत यांची बादशाह म्हणून निवड झाल्याचे वर्णन आहे. लोकांनी त्यांच्या गरिबीवर बोट ठेवले, तेव्हा उत्तर मिळाले ते हे की, अल्लाहने त्यांना ज्ञान आणि शरीर या दोन्ही बाबतींत अधिक दिले आहे. म्हणजे ज्ञान आणि देहबळ यांचा उल्लेख एकत्र आला. दुर्बल ईमानधारकापेक्षा सबळ ईमानधारक अल्लाहला अधिक प्रिय आहे, जरी भलाई दोघांतही आहे, ही हदीसची शिकवणही सर्वपरिचित आहे.

दिवसभराच्या पाच फर्ज नमाजांच्या 17 रकाती होतात आणि त्यांत 34 सजदे असतात. नमाज ही इबादत आहे. तिला व्यायामाचा एक प्रकार समजणे हा तिचा अवमान होईल. परंतु ती अदा करण्यासाठी गुडघे, कंबर आणि टाचा लागतात, हेही तितकेच खरे आहे. गेल्या काही वर्षांत मशिदींतील खुर्च्यांची संख्या वाढत चालली आहे. वृद्धांना आणि आजाऱ्यांना शरीअतने दिलेली ही सवलत अल्लाहची रहमत आहे. त्यांना कोणी टोचून बोलू नये. मात्र ज्यांचे गुडघे आज शाबूत आहेत, त्यांनी स्वतःला विचारावे : जमिनीवर कपाळ टेकविण्याचे हे सुख मी निव्वळ आळसाने लवकर गमावणार आहे काय?

इच्छेची वाट पाहू नये

फजरची अजान होते तेव्हा आपण "आज इच्छा आहे का?" असे मनाला विचारत नाही. वेळ झाली की उठतो. मन बहुधा मागून येते; कधी वुजू करताना, कधी दुसऱ्या रकातीत. दीनने आपल्याला लावलेली ही सवय व्यायामाच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. इच्छा आधी आणि कृती नंतर, असा क्रम धरून बसणारा माणूस बसूनच राहतो. कृती सुरू झाली की इच्छा तिच्या मागे चालू लागते.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस येथे लक्षात घेण्यासारखी आहे. माणूस झोपला की शैतान त्याच्या मानेमागे तीन गाठी मारतो. जागे होऊन अल्लाहचे स्मरण केले की एक गाठ सुटते, वुजू केला की दुसरी आणि नमाज अदा केली की तिसरी. मग त्या माणसाची सकाळ उत्साहाने आणि प्रसन्न मनाने होते. नाही तर ती आळसात उगवते. विचार करा : ज्या उत्साहाच्या शोधात आपण आहोत, तो फजरच्या नमाजीला रोज आपल्या हाती येतो आणि आपण तो पुन्हा अंथरुणात नेऊन टाकतो. फजरनंतरची पहिली वीस मिनिटे ही चालण्याची सर्वोत्तम वेळ आहे. आपल्या वऱ्हाडात तर दुसरा पर्यायही नाही. चैत्र-वैशाखात अकोल्याचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो; ऊन वर आले की बाहेर चालणे धोक्याचेच ठरते.

पण फजरची तयारी इशानंतर सुरू होते. इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर निष्कारण गप्पा मारत बसणे प्रेषितांना (स.) पसंत नव्हते. चौकातील चहाच्या टपरीवर रात्रीचा एक वाजविणाऱ्याने किंवा अंथरुणात मोबाइल घेऊन दोन वाजविणाऱ्याने सकाळी इच्छा होत नाही अशी तक्रार करू नये. ती इच्छा त्याने रात्रीच खर्चून टाकलेली असते.

'कसरत' या शब्दाचा अर्थ

मराठीत व्यायामाला 'कसरत' म्हणतात आणि कुस्तीच्या आखाड्याला 'तालीम'. दोन्ही शब्द मूळचे अरबी आहेत. तालीम म्हणजे शिक्षण. आपली मुले मदरशात जी घेतात तीही तालीम आणि मल्ल लाल मातीत जी घेतो तीही तालीम. कसरत हा शब्द तर विशेष बोलका आहे. 'कसरत' म्हणजे विपुलता, एखादी गोष्ट वारंवार करणे. जिक्रची कसरत, दुरूदची कसरत असे आपण उर्दूत आजही म्हणतो. व्यायामाला हे नाव देणाऱ्या पूर्वजांनी त्याचे मर्म ओळखले होते. किती जोर लावला याला महत्त्व नाही; किती वेळा केले याला आहे.

हीच सुन्नत आहे. थोडे का असेना, पण नित्य केले जाणारे कर्म अल्लाहला सर्वाधिक प्रिय असते, ही शिकवण हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनातून आपल्यापर्यंत पोहोचली आहे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे तरुण सहाबी रोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजीत उभे राहत. प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की, तुमच्या शरीराचा तुमच्यावर हक्क आहे, डोळ्यांचा हक्क आहे, पत्नीचाही हक्क आहे. त्यांनी अधिक करण्याचा आग्रह धरला, तेव्हा शेवटी एक दिवसाआड रोजा ठेवण्याची परवानगी मिळाली. पुढे म्हातारपणी तेच म्हणत की, मी ती पहिली सवलत स्वीकारली असती तर बरे झाले असते. इबादतीतही जेथे उतावळा उत्साह नाकारला गेला, तेथे व्यायामात तो कसा टिकेल? जिमची तीन महिन्यांची फी एकदम भरून चौथ्या दिवशी अंग दुखते म्हणून घरी बसणारे तरुण आपण पाहतोच. त्यांच्यात उत्साह कमी नसतो. तो एकाच दिवशी सांडलेला असतो.

अमरावतीचा धडा

सातत्याचे मोठे उदाहरण आपल्या वऱ्हाडातच आहे. 1914 मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. 1936 मध्ये याच मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत गेले आणि तेथे कबड्डीसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके त्याने जगाला दाखविली. त्या संस्थेची धार्मिक परंपरा आपली नसली, तरी तिच्या शिस्तीचा धडा आपणही घ्यावा असा आहे. बर्लिनमध्ये लोकांनी जे काही मिनिटे पाहिले, त्याच्यामागे अमरावतीच्या आखाड्यातील बावीस वर्षांच्या सकाळी होत्या. त्यांतील प्रत्येक सकाळी प्रत्येकाला इच्छा झाली असेल, असे मानण्याचे कारण नाही. पण वेळ ठरलेली होती, जागा ठरलेली होती आणि सोबती वाट पाहत होते. जमातीच्या नमाजीलाही याच तीन गोष्टी टिकवून ठेवतात.

मशिदीची वाट

बनू सलिमा या कबिल्याची घरे मस्जिद-ए-नबवीपासून दूर होती. त्यांनी मशिदीजवळ राहायला येण्याचा विचार केला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आहे तेथेच राहण्यास सांगितले, कारण त्यांची पावले नोंदली जात होती. स्वतः प्रेषित (स.) दर शनिवारी कुबाच्या मशिदीत जात, कधी पायी तर कधी वाहनावर. मदीनाहून कुबा साधारण तीन किलोमीटरच्या पुढे आहे. ठरलेला वार, ठरलेली वाट आणि तिला जोडलेली इबादत, असे ते नियमित जाणे होते.

आता एक साधा हिशेब करू. समजा, आपले घर मशिदीपासून 400 मीटर दूर आहे. पाच वेळा जाऊन-येऊन दिवसाचे 4 किलोमीटर होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविते. 4 किलोमीटर झपाझप चालण्यास सुमारे 50 मिनिटे लागतात. म्हणजे तीन दिवसांतच तेवढी मिनिटे भरतात. नमाजीला मात्र धावत न येता शांतपणे येण्याचा आदेश आहे, म्हणून वेग वाढवायचा तो परतीच्या वाटेवर. शिवाय येतानाच्या प्रत्येक पावलावर एक दर्जा वाढण्याची आणि एक गुन्हा माफ होण्याची खुशखबर आहे. इतका मोठा सवाब आपण मोटारसायकलच्या एका किकमध्ये घालवून बसतो.

घरातील स्त्रिया आणि मुले

व्यायाम म्हणजे पुरुषांची गोष्ट, असा आपल्याकडे समज आहे. प्रेषितांनी (स.) प्रवासात साथीदारांना पुढे पाठवून हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्यांदा त्या जिंकल्या, पुढे काही काळाने झालेल्या शर्यतीत प्रेषित (स.) जिंकले आणि त्या पराभवाची ही परतफेड, असे हसून म्हणाले. आपल्या घरांतील माता-भगिनी पहाटेपासून रात्रीपर्यंत कामात असतात; पण ओट्याशी तासन्‌तास उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे. त्यांना गच्चीवर किंवा अंगणात पडद्यासह अर्धा तास चालता यावे म्हणून तेवढा वेळ मुलांना सांभाळणे, हे पतीचे काम आहे. अमरावतीत छत्री तलाव किंवा वडाळीच्या बाजूला आठवड्यातून एकदा सर्व कुटुंबाने पायी फिरावे. मुले उपदेश ऐकून शिकत नाहीत. ती अब्बांच्या पायांकडे पाहून शिकतात.

सुरुवात कशी करावी?

पहिली गोष्ट नीयत. लोकांनी दंड पाहावेत म्हणून केलेली कसरत लोकांची नजर हटताच संपते. इबादतीचे बळ राहावे, हलाल रोजी कमवावी, म्हातारपणी मुलांवर भार होऊ नये, या नीयतने केलेली कसरत सवाब होऊन टिकते. दुसरी गोष्ट, सुरुवात लाज वाटावी इतकी लहान असावी. दहा मिनिटे पुरेत, पण रोज. ज्यांना हृदयविकार किंवा जुना मधुमेह आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. तिसरी गोष्ट, फजरच्या सफेत शेजारी उभा राहणारा भाऊ हाच चालण्याचा सोबती करावा. कोणी वाट पाहत आहे म्हटल्यावर अंथरूण लवकर सुटते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एखादा दिवस चुकणारच. प्रेषितांची (स.) रात्रीची नफिल नमाज झोपेमुळे किंवा दुखण्यामुळे राहिली, तर ते दिवसा बारा रकाती अदा करीत, असे हजरत आयशा (रजि.) सांगतात. म्हणजे चुकलेले सोडून द्यायचे नाही, भरून काढायचे. सकाळ गेली तर असरनंतर चालावे. बहुतेकांचा व्यायाम पहिल्या चुकलेल्या दिवशी बंद पडत नाही. "आता काय उपयोग" असे म्हणणाऱ्या दुसऱ्या दिवशी तो बंद पडतो.

त्या दुकानदार भावाला मी त्या रात्री एवढेच सांगितले होते की, वजीफा जरूर आहे. प्रेषित (स.) दुबळेपणापासून आणि आळसापासून अल्लाहचा आश्रय मागत; ती दुआ सकाळ-संध्याकाळ वाचा आणि मोटारसायकल घरी ठेवा. या गोष्टीला आता आठ महिने झाले. त्यांची औषधे सुरू आहेत. खुर्ची अद्याप सुटलेली नाही. पण ते पाचही वेळा पायी येतात आणि फजरनंतर घराची वाट मुद्दाम लांबून घेतात. परवा मी त्यांना विचारले, "आता इच्छा होते का?" ते हसून म्हणाले, "मौलाना, विचारायचेच राहून गेले."

अल्लाह आपणा सर्वांना सोपविलेल्या या अमानतीची कदर करण्याची तौफीक देवो, आपल्या गुडघ्यांत शेवटपर्यंत सजद्याचे बळ ठेवो आणि थोड्या पण नित्य अमलाची गोडी लावो. आमीन.